दोर की दांडी

८ जानेवारी १९७८, जालना

फौजेत असताना गाडीचं लॉगबुक लिहायची सवय होती. तिथून सुटलो, भोकरदन नाक्याजवळ गॅरेज टाकलं आणि लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाला पावती फाडणं एवढंच उरलं. आज पुन्हा वही काढली, कारण कामच तसं आहे. एसटीच्या लिलावातली मोडीत निघालेली बस आज गॅरेजच्या मागे येऊन उभी राहिली. रंग उडालाय, अर्ध्या खिडक्यांना काचा नाहीत, पण इंजिनाचा आवाज ऐकला आणि जीव खूश झाला.

हिच्यात मी घर करणार. बाकं काढून एक पलंग, पाण्याची टाकी, स्टोव्हला जागा, खिडक्यांना पडदे. कांताला बसून प्रवास झेपत नाही, पाय सुजतात, पोटात दुखतं. पडून जाता आलं तर ती कुठंही येईल. बुद्धपौर्णिमेला बुद्धगयेला पोचायचं, वाटेत नागपूर, सांची, सारनाथ. दीक्षा घेऊन नागपूरहून परतताना रेल्वेच्या डब्यात दाराशी बसून मी तिला शब्द दिला होता की एकदा बुद्धगया दाखवीन. आधी नोकरी, मग गॅरेज, मग पोरीचं शिक्षण. राहून गेलं.

अडचण एवढीच की बस गल्लीबोळात शिरत नाही आणि कांताला फार चालवत नाही. म्हणून मागे आपली हेरल्ड ओढत न्यायची. ही छोटी मोटार एका वकिलाने दुरुस्तीला आणून टाकली आणि नेलीच नाही, शेवटी मीच ठेवून घेतली. मुक्कामाला बस उभी करायची, मोटार सोडायची आणि कांताला थेट विहाराच्या पायरीशी उतरवायचं. अशी सोय बड्या साहेबांच्या बायकांनाही मिळत नसेल.

कांताने बसभोवती एक चक्कर मारली, पत्र्याला हात लावून बघितला. म्हणाली, "लई मोठी हाये हो. आधी धावड्याला जाऊन यायचं का? साळूला भेटून लई दिस झाले." साळूबाई तिची धाकटी बहीण, माहेरात आता तेवढीच उरली आहे. मी म्हटलं, धावडा काय पळून चाललंय का? पहिली ट्रायल तिकडेच काढू. ती बरं म्हणाली आणि आत गेली.

१९ जानेवारी

एक गाडी दुसरीच्या मागे बांधून ओढणं, याला आमच्या धंद्यात टोचन म्हणतात. मी आयुष्यात ट्रकपासून तोफेपर्यंत सगळं टोचन केलंय. पण ते दोन-चार मैलांचं. हजार मैल टोचन करायचं तर डोकं लावायला हवं.

तीन रस्ते आहेत. पहिला दोर. फुकटात होतो, पण मागच्या मोटारीत माणूस बसवावा लागतो, चाक सांभाळायला आणि ब्रेक मारायला. दुसरा ट्रॉली. चारही चाकं वर चढवून सबंध मोटार न्यायची. मोटारीला काही होत नाही, पण वजन एवढं की ही म्हातारी बस घाटात बसेल. तिसरी त्रिकोणी दांडी. तिचं टोक बसला, दोन पाय मोटारीच्या चेसीला. मोटार आपल्या चाकांवर मागे येते, स्टीअरिंग आपोआप वळतं, मागे कोणी लागत नाही. फक्त एक भानगड. मागची चाकं फिरली की शाफ्ट फिरतो, शाफ्टाबरोबर गिअरबॉक्स, आणि इंजिन बंद असल्यामुळे त्यात तेल उडत नाही. शंभर मैलांत गिअरबॉक्स खलास. म्हणजे निघताना शाफ्ट खोलायचा आणि मुक्कामाला पुन्हा चढवायचा.

जेवताना कांताला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे गावोगाव तुमी गाडीखाली आन् मी गाडीत?" आणि मग, "दोरच बरा. मी बसंल की मागं."

मला हसू आलं. गॅरेज नवीन होतं तेव्हा पगारी माणूस ठेवायची ऐपत नव्हती. राजूरच्या रस्त्यावर कुणाची गाडी बंद पडली की मी जीप घेऊन जायचो आणि कांता सोबत. दोर बांधला की ती नऊवारीचा पदर खोचून बंद गाडीच्या चाकावर बसायची. माणसं काम टाकून बघत राहायची. आमची खूण ठरली होती. एक हॉर्न म्हणजे दोर ढिला पडला, दोन म्हणजे थांबा. एवढ्या वर्षांत तिनं माझ्या जीपला एकदाही मागून धडक दिली नाही, एवढं मी कुठल्याही फौजी ड्रायव्हरबद्दल सांगू शकत नाही.

पण ते दिवस वेगळे होते. आता तिला अर्धा तास नीट बसवत नाही. मी ठामपणे सांगितलं, दोर बिलकुल नाही. ताटातली अर्धी भाकरी तिनं झाकून ठेवली.

२ फेब्रुवारी

ट्रॉली बाद. कडूबा वेल्डरने कागदावरचं चित्र बघितलं आणि म्हणाला, "फौजी, ही ट्रॉली वढायला आजून एक बस लागंल." आता राहिली दांडी.

पलंग बसवला. कांताला झोपवून माप घेतलं. ती फार हलकी झाली आहे, उचलून वर ठेवली तर काही वाटलंच नाही. तिखट खात नाही, आंबट खात नाही, दूध पिववत नाही. पित्त असणार. तिच्या आईलाही पित्ताचा त्रास होता.

१२ फेब्रुवारी

बेबीनंदा काल हसनाबादहून आली. आमची एकुलती लेक, तिथल्या शाळेत मास्तरीण आहे. वर्गातल्या पोरांशी बोलावं तसं माझ्याशी बोलते. आल्या आल्या आईचा हात हातात घेतला आणि माझ्यावर घसरली. "बाबा, तुमी बस रंगवून राह्यले आन् आईचं काय झालंय हे बघितलं का?" मी म्हटलं, बस कुणासाठी रंगवतोय? ती म्हणाली, ते मला न्हाई माहीत.

उद्या औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी म्हटलं हेरल्डमधून नेतो. बेबीनंदानं ऐकलं नाही, ओळखीच्यांची टॅक्सी सांगितली.

१६ फेब्रुवारी

दोन दिवस दवाखान्यात गेले. फोटो काढले, रक्त घेतलं. डॉक्टर तरुण आहे पण वागायला चांगला. आजाराचं नाव त्यानं इंग्रजीत सांगितलं, बेबीनंदाला कळलं. मी विचारलं नाही. नाव कळून कुणाची गाडी सुरू झालीय?

शेवटी त्याला मी बुद्धगयेचं सांगितलं. त्यानं हातातला फोटो खाली ठेवला. म्हणाला, "त्यांना जिथे जायची इच्छा असेल तिथे जरूर न्या. पण लवकर न्या. उन्हाळ्याची वाट बघू नका." मला एवढं बरं वाटलं! प्रवासाला मनाई नाही, उलट डॉक्टरच म्हणतोय जा. उन्हाचं म्हणणंही बरोबर आहे, पत्र्याची बस तापते. म्हणजे दांडी मार्चच्या आत व्हायला हवी.

व्हरांड्यात येऊन बघतो तर बेबीनंदा भिंतीकडे तोंड करून रडत होती. लहानपणापासून हळवी आहे, कुत्र्याचं पिल्लू मेलं तरी दोन दिवस जेवायची नाही. मी तिला म्हटलं, आता कशाला रडतेस, डॉक्टरने परवानगी दिलीय ना?

१ मार्च

पहिली दांडी फुकट गेली. पाइप पातळ निघाला, नुसता झटका दिला तर कोपऱ्यात वाकला. कडूबा म्हणतो दुप्पट जाडीचा घ्या. शिवाय बसची मागची पट्टी गंजून गेलीय, तिला दांडी अडकवली तर पट्टीच हातात येईल. आडवा लोखंडी चॅनेल टाकावा लागणार. आणखी आठवडाभर तरी.

रोज संध्याकाळी घरी गेलो की कांता विचारते, "झाली का दांडी?" मी काय काय केलं ते सांगतो. ती डोळे मिटून ऐकते. मध्येच झोप लागते तिला.

आज दांडीचं माप लिहायला घेतलं. खडू तुटला. काय झालं कुणास ठाऊक, तसाच ओट्यावर बसून राहिलो. कडूबानं चहा आणून ठेवला, तोही गार झाला.

९ मार्च

धावड्याचा एक माणूस बाजाराला आला होता, त्याच्याबरोबर साळूबाईनं ओला हरभरा आणि निरोप पाठवला. अक्काला कधी आणता? लिंबाखाली सावली चांगली पडली आहे.

कांताला हरभरा सोलायचा होता. चार घाटे सोलले आणि ठेवून दिले. मग मला म्हणाली, "आवं, आपली ल्हान गाडी तर चालू हाये. बसलं की निघालं. मी पडून येते मागच्या शिटावर. जाऊन येऊ ना जल्दी."

मी तिला समजावलं. आता थोडक्यासाठी काय घाई? सगळं तयार झालं की बस पुढे, मोटार मागे, अशीच धावड्यात जाऊ.

खरं कारण तिला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो. आमचं लग्न निजामाच्या काळात धावड्यालाच झालं. मी रजेवर आलेलो, अंगावर फौजेचा कोट. वऱ्हाडाची बैलगाडी महारवाड्यातून निघाली आणि गावच्या वेशीपाशी आम्हाला खाली उतरवलं. चावडीवर माणसं बसलेली, त्यांच्यासमोरून आम्ही गाडीत बसून जायचं नव्हतं. नवरा-नवरी ओढ्यापर्यंत पायी, मग गाडीत. मी मान खाली घालून चाललो. मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या होत्या ते बरं झालं. तेव्हापासून मनात आहे की कांताला त्याच वेशीतून अशी नेईन की गाव बघत राहील. पुढे बस, मागे मोटार, आणि ती खिडकीत पडदा सारून बसलेली.

आज हे बोललो तर ती म्हणाली, "मला तर ते चालणंच चांगलं वाटलं व्हतं. माझं गाठोडं तुमी घेतलं. जड हाये का, आसं इचारलं. तेच पैलं बोलणं आपलं." आता अपमानाच्या गोष्टीत तिला हे कुठून आठवलं? बायकांचं काही कळत नाही.

२७ मार्च

दांडी झाली! नवी, जाड पाइपाची, टोकाला गोळा आणि वरून पिन. पिनेला साखळीचा दुहेरी बंदोबस्त. सकाळी हेरल्डचा शाफ्ट खोलून बाकावर ठेवला आणि ट्रायल घेतली. नाक्यापासून राजूरच्या रस्त्याने बरंच लांब गेलो. वासरू गाईमागे यावं तशी मोटार मागे येत होती. वळणावर वळली, उतारावर अंगावर आली नाही. मागे माणूस नाही, तरी चाक आपोआप फिरतंय, हे आरशात बघून शीळ घालावीशी वाटली.

कांता आत पलंगावर होती. मी ओरडून म्हणालो, बघ, बघ मागे. तिनं मागच्या काचेतून बघितलं आणि तोंड फिरवलं. घरी आल्यावर म्हणाली, "रिकामं चाक फिरताना बघवंना." मी म्हटलं, त्यातच तर सगळी करामत आहे. ती म्हणाली, "व्हय, करामत हाये."

एकच गोष्ट. शाफ्ट खोलला तेव्हा दिसलं की त्याचा क्रॉस, म्हणजे सांध्यातला फुलीसारखा तुकडा, झिजलाय. तसाच चढवला तर वाटेत तुटेल. औरंगाबादला सांगितलाय, आठवड्यात येतो म्हणाले.

५ एप्रिल

आज काय झालं ते नीट लिहितो, कारण असा दिवस पुष्कळ दिवसांत आला नव्हता.

सकाळी गॅरेज उघडायला गेलो तर कांता आधीच तिथे. घरापासून तेवढं अंतर ती एकटी चालत आली होती. निळं लुगडं, डोक्याला तेल, हातात पिशवी. हेरल्डचं दार उघडून पुढच्या सीटवर बसली होती. म्हणाली, "चला. आज बराबर वाटून राह्यलंय मला. धावड्याला जाऊ. दुपारी साळूकडं जेवू."

मी म्हटलं, कांता, गाडी चालत नाही. शाफ्ट खोललाय.

"मंग लावा."

क्रॉस आला नाही, असं सांगितलं. तिला बाकावरचा शाफ्ट दाखवला, टोकाचा रिकामा काटा दाखवला. तिनं नीट बघितलं. चिडली नाही. म्हणाली, "बसची दांडी काढा, बसमधून जाऊ." पण बसचे ब्रेक मी कालच खोलून ठेवले होते, एक चाक ठोकळ्यावर होतं. आज सगळं जोडून गावातल्या गावात हलली असती फार तर, एवढ्या लांब नाही. तिला तसं सांगितलं, ती हो म्हणाली. तशीच मोटारीत बसून राहिली, पिशवी मांडीवर, समोर बघत. ऊन काचेवर आलं तरी उतरेना.

शेवटी मी झटपट बसचं चाक चढवलं, ब्रेक जमतील तेवढे घट्ट केले, दांडी सोडवली, माळ्यावरून जुना दोर काढला आणि हेरल्डला बांधला. म्हटलं, चल, ट्रायल घेऊ, बसतेस चाकावर? तिच्या तोंडावर जे हसू आलं ते मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. सरकून चाकापाशी बसली, पदर खोचला, ब्रेक दाबून बघितला. एकेक गोष्ट तिला आठवत होती.

अगदी हळू निघालो. नाक्यापर्यंत आणि पुढे थोडं. आरशात ती दिसत होती, दोन्ही हात चाकावर, मान ताठ. एकदा दोर ढिला पडला तर लगेच एक हॉर्न. पानवाला उभा राहून बघत होता. भोकरदनचा रस्ता लागतो तिथे दोन हॉर्न वाजले. मी घाबरलो, बस थांबवली, पळत मागे गेलो. काय झालं? दुखतंय का?

ती म्हणाली, "काय न्हाई. तुमी उतरून येता का बघत व्हते."

मी रागावलो, मग हसलो. तीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिथेच रस्त्याच्या कडेला तिच्या शेजारी थोडा वेळ बसलो. समोर सरळ रस्ता होता. तिनं विचारलं, "ह्योच ना धावड्याचा?" मी हो म्हटलं. मग बस फिरवून परत आलो.

तब्येत आता सुधारायला लागली, असं मला वाटतं. वीस तारखेला निघायचं नक्की.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. मिरवणूक घरासमोरून गेली. कांताला उठवेना, तिनं पडूनच हात जोडले. गेल्या वर्षी बायकांच्या पुढे निशाण घेऊन तीच चालली होती.

क्रॉस आज आला. पण बेबीनंदा म्हणते आता कुठेच न्यायचं नाही. शाळेतून रजा घेऊन आलीय आणि आईजवळून हलत नाही. मी म्हटलं, वीस तारीख ठरलीय. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गॅरेजला निघून गेलो. क्रॉस हातात घेऊन बसलो. शाफ्टला बसवला नाही. गाडी दांडीवरच जाणार आहे तर आत्ता कशाला बसवायचा, असा विचार केला.

साळूबाईला आणावं का, असं बेबीनंदाला विचारलं. ती म्हणाली, मावशी घसरून पडली आहे, पाय बांधलाय, येऊ शकत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बेबीनंदा म्हणते, सांगितलं होतं.

१८ एप्रिल

पहाटेपासून कांताला फार त्रास व्हायला लागला. टॅक्सी मिळेना. बस तयार होती, तिच्यात पलंग होता, म्हणून बसमधूनच औरंगाबादला आणलं. हेरल्ड दांडीला जोडलेली होती, ती सोडवत बसलो नाही. घरगाडीचा पहिला प्रवास असा झाला. दवाखान्याच्या फाटकातून बस आणि मागे मोटार शिरली तेव्हा सगळी माणसं वळून बघायला लागली. चौकीदारानं विचारलं, सर्कस आहे का?

वाटेत बेबीनंदा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बदनापूर मागे पडलं तेव्हा कांताला जरा शुद्ध आली. मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मागं कोण बसलंय?"

मी म्हटलं, कोणी नाही कांता, दांडी आहे.

"मंग हळू चालवा."

मी हळू चालवली.

२३ एप्रिल

कांता गेली. परवा सकाळी. मी चहा आणायला खाली गेलो होतो.

४ मे

लोक येऊन जाऊन होते. कांताच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला. विहारातले भन्तेजी चांगलं बोलले, पण मला शब्द लागत नव्हते.

बेबीनंदाशी आज पहिल्यांदा नीट बोलणं झालं. डॉक्टरने फेब्रुवारीत तिला सांगितलं होतं, चार-सहा आठवडे धरा. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरनं तुमच्या म्होरंच सांगितलं व्हतं. मराठीत." मला ते बिलकुल आठवत नाही. मला फक्त 'लवकर न्या' एवढं आठवतं.

मग तिनं सांगितलं की आई मार्चमध्ये तिला म्हणाली होती, बाबांना बोलू नकोस. दांडी करून राह्यलेत तोवर त्यांचं मन लागतं. दांडी झाली की ते रिकामे बसतील. हे ऐकून मी उठून बाहेर आलो. मला फार रडू आलं. एवढं आयुष्यात कधी आलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही.

६ मे

दांडी काढली. कडूबा म्हणाला एवढी चांगली वस्तू आहे, ठेवा. मी त्याला घेऊन जा म्हटलं. क्रॉस बसवला, शाफ्ट चढवला. सगळं मिळून सकाळची न्याहारी ते दुपारचं जेवण, एवढंच काम होतं ते.

कांताच्या अस्थी नदीत सोडल्या. थोड्या तांब्यात ठेवल्या आहेत. साळूबाईला बहीण बघायला मिळाली नाही, तिच्या लिंबाच्या मुळाशी घालू. उद्या जातो.

७ मे, धावडा

बेबीनंदा मागच्या सीटवर तांब्या मांडीवर घेऊन बसली. कांता तिथेच पडून येते म्हणाली होती. मी एकटाच पुढे. राजूर गेलं, भोकरदन गेलं. गाडीनं कुठे त्रास दिला नाही, रस्ताही चांगला होता. ऊन तापायच्या आत धावडा दिसायला लागलं.

वेशीपाशी गाडी थांबवली, तर वेसच नाही. रस्ता रुंद केला तेव्हा पाडली म्हणे, किती तरी वर्षं झाली. तिथे आता एसटीचा थांबा आहे. चावडीच्या ओट्यावर दोन शेरडं बसली होती. बघायला कोणी नव्हतं. एक म्हातारा सायकलवरून गेला, त्यानं रामराम घातला आणि पुढे निघून गेला.

मी खाली उतरलो. बेबीनंदा म्हणाली, गाडी आतपर्यंत जाते बाबा. मी म्हटलं, जाऊ दे. तिच्याकडून तांब्या घेतला आणि चालायला लागलो. ती मागून येत होती. थोडं गेल्यावर तिनं विचारलं, "जड हाये का? देऊ का हात?"

मी नाही म्हटलं. मला पुढचं काही दिसेना, एका कुडाला धरून उभा राहिलो. तिला वाटलं ऊन लागलं.

साळूबाई दारात बसली होती, पाय लांब करून, काठी शेजारी. आम्हाला बघून उठायला लागली. मी तिच्या हातात तांब्या दिला. तिनं तो छातीशी धरला आणि पदरानं पुसला. मग म्हणाली, "कवा निघालात दाजी?"

"सकाळी. उजाडल्यावर."

"एवढ्यात पोचलात?"

मी हो म्हटलं.

लिंबाखाली एक खाट टाकलेली होती, वर धुतलेली गोधडी घडी करून ठेवलेली. साळूबाईनं तांब्या त्या गोधडीवर ठेवला. म्हणाली, जानेवारीत निरोप आल्ता की तुमी मोठी गाडी घेतली, अक्काला घेऊन येणार. तवाच खाट नवीन विणून घेतली. पोरासोरांना बसू दिली न्हाई.

बेबीनंदा आत पाणी आणायला गेली. मी खाटेच्या कडेला हात ठेवून बघितला. सुंभ ताठ होता, कुठेही दबलेला नव्हता.